नाही म्हणणारे सोबती

फॅन्टसी आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम्स, ज्यांनी कधीच खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. गेम सुरू करताना तुम्ही स्वतःचं एक पात्र तयार करता. बाई की पुरुष. माणूस, एल्फ की ड्वार्फ. तलवार चालवणारं की जादू करणारं, हे सगळं तुम्ही ठरवता. जगावर कसलं तरी महासंकट आलेलं असतं, ते निवारायला तुमचं पात्र घराबाहेर पडतं. वाटेत सोबती भेटतात. कुणी पळून आलेला सरदारपुत्र, कुणी धर्मवेडी जोगीण, कुणी भाडोत्री मारेकरी. दिवसभर राक्षस मारायचे आणि रात्री मुक्कामावर शेकोटीपाशी यांच्याशी गप्पा मारायच्या. तुमच्या वागण्यावरून त्यांची तुमच्यावरची मर्जी वरखाली होते, आणि मर्जी पुरेशी वाढली की काही सोबत्यांच्या प्रेमात पडता येतं. खेळाडूंच्या भाषेत याला ‘रोमान्स’ म्हणतात.

काहींच्या प्रेमात पडता येतं, काहींच्या नाही. तुमच्या पात्राचं लिंग कोणतं आणि वंश कोणता यावर ते आधीच ठरलेलं असतं. तुम्ही कितीही चांगले वागा, कितीही भेटवस्तू द्या, अट जुळत नसेल तर काही होत नाही. या अटींवर खेळाडू गेली पंचवीस वर्षं भांडतायत. बाहेरून बघणाऱ्याला हे भांडण बालिश वाटेल. खोट्या माणसांनी खोट्या जगात कुणावर प्रेम करावं यात रक्त आटवण्यासारखं काय आहे? मी साताऱ्यात वाढलेला, पुण्यात नोकरी करणारा समलिंगी पुरुष आहे आणि या भांडणात बऱ्यापैकी रक्त आटवलेलं आहे. का, ते सांगतो.

सुरुवात २००० सालच्या ‘बाल्डर्स गेट २’पासून करावी लागते. सोबत्यांशी रोमान्सचा जो साचा पुढे रूढ झाला तो बायोवेअर या कॅनेडियन कंपनीच्या या गेमनं घालून दिला. पुरुष पात्रासाठी तीन बायका होत्या: एअरी, जाहिरा आणि व्हिकोनिया. बाई पात्रासाठी एकच पुरुष, ॲनोमेन. शिवाय तुमचं पात्र कोणत्या वंशाचं आहे हेही पाहिलं जायचं. पुरुषाला पुरुष, बाईला बाई हा प्रश्नच नव्हता. वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म ज्यांनी भरलाय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की मंडळाच्या फॉर्मवर ‘पोटजात’, ‘गोत्र’, ‘मंगळ आहे/नाही’ हे रकाने छापलेले असतात. गेममध्ये रकाने दिसत नाहीत. अट जुळत नसेल तर संवादाचा तो पर्याय पडद्यावर येतच नाही. तुम्हाला कुणी ‘नाही’ म्हणत नाही. विचारायची सोयच नसते.

हा फरक मला पुढे फार महत्त्वाचा वाटायला लागला.

*

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ आला २००९च्या नोव्हेंबरात. मी इंजिनिअरिंगला होतो आणि सुट्टीत घरी आलो की खेळायचो. घरी कॉम्प्युटर हॉलमध्ये होता, टीव्हीच्या शेजारी, म्हणजे जे काय खेळायचं ते सगळ्या घरासमोर. पहिल्यांदा मी पुरुष पात्र घेतलं आणि ॲलिस्टर नावाचा सोबती भेटल्यावर काही तासांत विरघळलो. ॲलिस्टर विनोदी आहे, थोडा बावळट आहे, लढवय्या आहे, आणि जबाबदारी टाळण्यात पटाईत आहे. कथेत कळतं की तो दिवंगत राजाचा दासीपासून झालेला मुलगा आहे. मी त्याच्या आईचं लॉकेट शोधून त्याला दिलं, त्याला आवडणाऱ्या मूर्त्या गोळा करून दिल्या. मर्जीचा आकडा चढत चढत टोकाला गेला. तो म्हणाला, तू माझा चांगला मित्र आहेस. त्यापुढे काही नाही.

मग मी नवा गेम सुरू केला आणि बाई पात्र घेतलं. तेव्हा कळलं की त्याच मुक्कामावर, त्याच शेकोटीपाशी ॲलिस्टर एक गुलाब काढून देतो. एका उद्ध्वस्त झालेल्या गावातून खुडून त्यानं तो जपून ठेवलेला असतो. पहिल्या खेपेला तो गुलाब कुठं होता? हा प्रश्न तेव्हा मला खरोखर पडला होता.

हे दुसरं पात्र एल्फ होतं, तेही शहरी एल्फ. या गेममधल्या शहरी एल्फांना भिंतीआडच्या वेगळ्या वस्तीत राहावं लागतं, माणसांच्या घरी नोकर म्हणून राबावं लागतं. त्यांची कहाणी सुरू होते ती वडिलांनी ठरवलेल्या लग्नाच्या दिवशी, आणि त्याच दिवशी माणसांच्या सरदाराचा मुलगा वस्तीत शिरून मुली उचलून नेतो. मराठी वाचकाला याचं भाषांतर करून सांगायची गरज नाही.

आजीला दुपारी झोप लागायची नाही. ती सोफ्यावर बसून माझा गेम मालिकेसारखा बघायची.

“हा पोरगा चांगला दिसतोय. कुणाचा कोण?”

“राजाचा मुलगा आहे आजी. पण दासीचा.”

“म्हणजे विदुर. मग गादी नाही मिळायची त्याला.”

“मिळू शकते. मी ठरवलं तर.”

“मग दे की. चांगला आहे.”

सरदारांच्या सभेत मी त्याला राजा केलं. सभा संपताच त्यानं माझ्या एल्फ मुलीला बाजूला घेतलं आणि नातं तोडलं. राजाला वारस हवा, आणि राज्यातल्या लोकांना एल्फ राणी चालणार नाही. आजीनं चष्मा काढून पुसला. “राजा झाला की दुष्यंतच होतो माणूस,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

गंमत अशी, की हा नकार मला सोसला. खूप लागला, पण सोसला. कारण तो कथेतून आला होता. हे जग एल्फांना कसं वागवतं हे मी पहिल्या तासापासून बघत होतो, आणि त्या जगाचा राजा झाल्यावर त्या जगाचे नियम माझ्या माणसाच्या तोंडून बोलले. त्याच्याशी वाद घालता येत होता. आधीच्या एका प्रसंगात त्याला जगाकडे जरा कोरडेपणानं बघायला शिकवलं असेल, तर राणी न करताही नातं टिकवायला तो तयार होतो. आणि पात्र माणूस वंशाची सरदारकन्या असेल तर ती चक्क राणी होऊ शकते. म्हणजे इथली अट अन्यायाची होती, पण गेमला तो अन्याय दिसत होता आणि तो मलाही दिसावा अशी त्याची इच्छा होती.

पहिल्या खेपेच्या माझ्या पुरुष पात्राच्या वाट्याला मात्र नकारही आला नव्हता. ॲलिस्टरला पुरुष आवडत नाहीत असं तो कुठं म्हणत नाही, कारण त्याला कुणी विचारू शकत नाही. त्याच गेममधल्या झेवरान आणि लेलियाना या दोघांशी कुठल्याही लिंगाच्या पात्राला रोमान्स करता येतो, तेव्हा निर्मात्यांना कल्पनाच सुचली नाही असंही नाही. चौघांपैकी दोन दारं उघडी ठेवली आणि दोन बंद. बंद दारांमागचे दोघे म्हणजे ॲलिस्टर आणि मॉरिगन, कथेतली सगळ्यात वजनदार माणसं.

*

नकार ही कथेला नको असलेली गोष्ट नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कच देवयानीला नाही म्हणतो. तो शुक्राचार्यांच्या पोटातून पुन्हा जन्मलेला आहे, म्हणून ती त्याला बहिणीसारखी. देवयानी चिडून शाप देते की शिकलेली विद्या तुला स्वतःला फळणार नाही. अर्जुन उर्वशीला नाही म्हणतो, कारण ती त्याच्या कुळाच्या पूर्वजाची आई. त्या नकाराची किंमत म्हणून त्याला पुढे बृहन्नडा होऊन राहावं लागतं. नकाराचं कारण पटो न पटो, ते बोललं जातं, समोरच्याला ऐकू येतं आणि त्याचे परिणाम दोघांनाही भोगावे लागतात. म्हणून कच आणि अर्जुन त्या प्रसंगात माणसं वाटतात. उर्वशी अर्जुनाच्या दारापर्यंत गेली आणि तिथं दारच नव्हतं, अशी ती गोष्ट असती तर ती कुणी कशाला सांगितली असती?

तेव्हा माझं भांडण नकाराशी नाही. नकार नेमका कुणाचा, हा प्रश्न आहे. पात्राचा, पात्राच्या समाजाचा, की पात्र लिहिणाऱ्या कंपनीचा?

*

२०११च्या ‘ड्रॅगन एज २’मध्ये बायोवेअरनं दुसरं टोक गाठलं. मूळ गेममधले रोमान्सचे चारही सोबती, अँडर्स, फेनरिस, मेरिल आणि इझाबेला, खेळाडूच्या पात्राचं लिंग कोणतंही असो, उपलब्ध. मागून जोडलेला सेबॅस्टियन तेवढा फक्त बाई पात्रासाठी. यावर काही पुरुष खेळाडूंनी तक्रार केली की अँडर्स आमच्या पात्राशी लगट करतो, हे आमच्यासारख्यांवर अन्याय करणारं आहे. मालिकेचे प्रमुख लेखक डेव्हिड गेडर यांनी तेव्हा जाहीरपणे दिलेलं लांबलचक उत्तर बरंच गाजलं. बहुसंख्य असणं म्हणजे जास्त लाड करून घेण्याचा हक्क नव्हे, असा त्याचा सारांश होता. ते वाचून मला किती बरं वाटलं होतं सांगता येत नाही.

तरी अँडर्समध्ये एक गोष्ट खटकत राहिली. कथेच्या सुरुवातीला त्याचा कार्ल नावाचा जुना मित्र मरतो. तुमचं पात्र पुरुष असेल तर अँडर्स सांगतो की कार्ल त्याचा प्रियकर होता. पात्र बाई असेल तर हे कधीच बोललं जात नाही. कार्ल नुसता मित्र राहतो. म्हणजे समोर कोण बसलंय ते बघून अँडर्सचा भूतकाळ बदलतो. खेळाडूंनी अशा सोबत्यांना ‘प्लेयरसेक्शुअल’ असं नाव ठेवलं: ज्याचा कल खेळाडू ठरवतो तो. दुकानदार जसं गिऱ्हाईक बघून आपली भाषा बदलतो, तसं काहीसं. अर्थात, खऱ्या आयुष्यातही समोरचा माणूस बघून आपला भूतकाळ सांगणारे लोक असतात. मी स्वतः ऑफिसात वर्षानुवर्षं ‘मित्राबरोबर राहतो’ इतकंच सांगत आलो. पण मी का सांगत नाही हे मला ठाऊक असतं. अँडर्सला ते ठाऊक असल्याची काहीच खूण गेममध्ये सापडत नाही.

*

मग आला ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’, २०१४च्या नोव्हेंबरात. यात आठ जणांशी रोमान्स आणि आठांच्या अटी वेगवेगळ्या. जोसेफीन आणि आयर्न बुल सगळ्यांसाठी. ब्लॅकवॉल फक्त बायांसाठी, कसॅन्ड्रा फक्त पुरुषांसाठी. कलन फक्त माणूस किंवा एल्फ बाईसाठी. सोलास फक्त एल्फ बाईसाठी. सेरा फक्त बायांसाठी, आणि ती बाई आहे. डोरियन फक्त पुरुषांसाठी, आणि तो पुरुष आहे.

या यादीवर खेळाडूंनी अक्षरशः कोष्टकं काढली. नकारांचे सगळे प्रकार इथं एकाच गेममध्ये सापडतात, त्यामुळे जरा थांबून बघू.

कलनला ड्वार्फ आणि क्युनारी बाया का चालत नाहीत? गेम सांगत नाही. उंचीतल्या फरकामुळे मिठ्या आणि चुंबनं वेगळी बसवावी लागतात, हे ॲनिमेशनचं काम खर्चिक असतं, असा बचाव खेळाडूच करतात. पण जोसेफीन ठेंगण्या ड्वार्फलाही मिठी मारते आणि धिप्पाड, शिंगवाल्या क्युनारीलाही, तेव्हा ते जमत नव्हतं असं म्हणता येत नाही. कलनची अट कुणाची ते कळत नाही, म्हणून ती कंपनीची.

सोलासची अट वरवर बघता तशीच, वंशाची. पण त्याची कथा उलगडते तसं कळतं की हा माणूस फार जुन्या, हरवलेल्या एल्फ जगाच्या शोकात अडकलेला आहे आणि आजच्या जगातली माणसं त्याला पुरती खरी वाटतच नाहीत. आपल्यातलंच कुणी असेल तरच तो भुलतो, आणि तिलाही शेवटी सोडून जातो. आपल्या जातीपलीकडची माणसं ज्यांना कायम थोडी अंधुक दिसतात, असे सुसंस्कृत, मृदुभाषी, वाचन दांडगं असलेले काका आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतात. सोलासचा नकार हा सोलासचा दोष आहे आणि गेमला ते माहीत आहे.

कसॅन्ड्राशी बाई पात्रानं लाडीगोडी केली तर ती हे ओळखते आणि स्पष्ट, पण मायेनं नाही म्हणते. त्यानंतरही मैत्री राहते. इतकी साधी गोष्ट. विचारता आलं, उत्तर मिळालं. ॲलिस्टरकडून मला एवढंच हवं होतं.

आणि डोरियन. तो जादूगारांच्या एका जुन्या, श्रीमंत घराण्यातला एकुलता एक मुलगा. त्याच्या देशात अशी घराणी पिढ्यान् पिढ्या हिशेबानं सोयरिकी जुळवतात, कारण सगळ्यांना निर्दोष रक्ताचा जादूगार वारस हवा असतो. कसर दिसली की ती झाकायची. डोरियनला पुरुष आवडतात, आणि तो ते झाकून ठरलेल्या मुलीशी लग्न करायला तयार नाही. रक्तजादू ही दुबळ्यांची वाट आहे असं ज्या वडिलांनी त्याला शिकवलं, तेच वडील एक दिवस रक्तजादूनं त्याचं मन बदलायची तयारी करतात. तो घर सोडतो. पुढे एका खेड्यातल्या खानावळीत वडील फसवून त्याची गाठ घालून घेतात, आणि तुम्ही शेजारी उभे असता.

हा प्रसंग मी खेळलो त्याच्या वर्षभर आधी, ११ डिसेंबर २०१३ला, सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९चा निकाल फिरवून आम्हाला पुन्हा गुन्हेगार ठरवलं होतं. घरी स्थळं यायला लागली होती. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत, रडले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी एका चिठ्ठीवर एका डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. “ते ठीक करतात म्हणे,” ते म्हणाले. मला चिठ्ठीपेक्षा त्या ‘म्हणे’चं जास्त वाईट वाटलं. त्यांनी कुणाला तरी विचारलं होतं, आणि ते विचारताना त्यांना किती कठीण गेलं असेल हे मला कळत होतं. मी गेलो नाही. असे उपचार हे डॉक्टरांचं गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सांगितलं ते २०२२ साली.

खानावळीतल्या त्या प्रसंगात डोरियनचे वडील दुष्ट दाखवलेले नाहीत. थकलेले दाखवलेत. वडिलांशी बोल असं डोरियनला सुचवता येतं, किंवा चल, निघू असंही. मी दोन्ही करून पाहिलं. कुठलं बरोबर हे गेम सांगत नाही. हा प्रसंग डोरियन सगळ्यांना ‘उपलब्ध’ असता तर लिहिताच आला नसता. त्याचं बायांना ‘नाही’ असणं हीच त्याची गोष्ट आहे. त्याच एका शब्दासाठी त्यानं घर सोडलंय. गंमत म्हणजे ॲलिस्टर आणि डोरियन ही दोन्ही पात्रं गेडर यांनीच लिहिलेली. पाच वर्षांत एकाच लेखणीतून ‘विचारूच नका’पासून इथपर्यंतचा प्रवास झाला होता.

*

माझी मामेबहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि माझ्याहून भारी खेळाडू. ती बाई पात्र घेऊन खेळते आणि तिला डोरियन फार आवडला. तिनं मॉड टाकला. मॉड म्हणजे खेळाडूंनीच लिहिलेली जोड-फाइल, जिच्यामुळे गेमचे नियम बदलतात. आता डोरियन तिच्या पात्राच्याही प्रेमात पडायला लागला.

“दादा, सिंगल-प्लेयर गेम आहे,” ती म्हणाली. “माझ्या लॅपटॉपवर डोरियन काय करतो याचा कुणाला त्रास?”

“कुणालाच नाही. पण त्याचे बाबा जे रक्तजादूनं करणार होते तेच तू मॉडनं केलंस.”

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “आणि तू ॲलिस्टरसाठी टाकला होतास तो?”

टाकला होता. आवाज मूळचेच असल्यानं ॲलिस्टर मधूनच माझ्या दाढीवाल्या योद्ध्याला उद्देशून भलतंच काही बोलायचा, पण गुलाब मिळाला होता.

आम्ही त्यावर दिवाळीभर वाद घातला. माझं म्हणणं असं, की हे दोन मॉड सारखे नाहीत. ॲलिस्टरला बाया आवडतात हा त्याच्या कथेचा भाग नाही, ती फक्त न विचारता धरलेली गोष्ट आहे. ती बदलली तर ॲलिस्टरचं काहीच मोडत नाही: दासीपुत्र असणं, गादी, वारसाची अडचण, सगळं तसंच राहतं, उलट वारसाची अडचण अधिकच धारदार होते. डोरियनचं मात्र सगळंच मोडतं. खानावळीतला प्रसंग तसाच चालतो आणि त्याला काही अर्थ राहत नाही.

तिचं म्हणणं असं, की हे मला सोयीचं आहे. “तुला हवा असलेला माणूस लवचीक आणि मला हवा असलेला माणूस पवित्र,” ती म्हणाली. शिवाय बायकांना या गेम्समध्ये कायमच उरलेसुरले रोमान्स मिळत आलेत, बाल्डर्स गेटमध्ये तीनास एक, आणि जरा बरा लिहिलेला पुरुष आला की तो हात लावायचा नाही. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी मी माझ्या मतावर आहे. दोघं नकार देतायत म्हणून दोघांचे नकार सारखे होत नाहीत. एकाच्या नकारामागे काही गमावलेलं आहे, दुसऱ्याच्या मागे फक्त रिकामी जागा. तिनं मॉड काढला नाही, आणि मी काढ म्हणालोही नाही. लॅपटॉप तिचा आहे.

*

२०२३च्या ऑगस्टमध्ये लॅरियन या बेल्जियन कंपनीचा ‘बाल्डर्स गेट ३’ आला. ज्या मालिकेत पूर्वी वंश आणि लिंग बघून दारं बंद व्हायची, तिच्यात आता ॲस्टेरियन, गेल, शॅडोहार्ट, लेझेल, विल, कार्लाक हे सगळे कुठल्याही लिंगाच्या, कुठल्याही वंशाच्या पात्राला खुले. २०२४च्या ‘ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड’नंही तेच केलं, सातही सोबती सगळ्यांसाठी. म्हणजे वाद निकालात निघाला म्हणायचा.

मला वाटतं ‘बाल्डर्स गेट ३’नं नकार काढून टाकला नाही, दारावरून उचलून घराच्या आत नेला. कार्लाकच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं धगधगतं इंजिन आहे, त्यामुळे इंजिनाची दुरुस्ती होईपर्यंत तिला कुणी स्पर्शच करू शकत नाही. ॲस्टेरियन हा व्हॅम्पायरचा गुलाम. दोनशे वर्षं मालकासाठी सावजं भुलवून आणणं हेच त्याचं काम होतं. तो तुम्हालाही पटकन, सराईतपणे भुलवतो, आणि बऱ्याच पुढे कबूल करतो की ते सगळं सवयीनं, स्वतःच्या बचावासाठी केलं होतं. मध्ये एक बाई भेटते. ॲस्टेरियननं आपल्याला चावावं अशी तिची हौस आहे आणि त्याबदल्यात ती ताकद कायमची वाढवणारं औषध देऊ करते. ॲस्टेरियन नाही म्हणतो. तुम्ही त्याला गळ घालू शकता, औषध खरोखर कामाचं आहे. घातलीत तर औषध मिळतं आणि नातं बिघडतं. न घातलीत, तर तो नंतर येऊन तुमचे आभार मानतो, कारण आपण नाही म्हणू शकतो हे त्याला इतक्या वर्षांत कुणी कळूच दिलेलं नसतं.

लिंग आणि वंश न बघता दिलेला असा नकार मी गेम्समध्ये याआधी पाहिला नव्हता. तुम्ही कोण आहात याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याचा संबंध ॲस्टेरियन कोण आहे याच्याशी आहे.

याच गेममध्ये गेल नावाचा जादूगार, तुम्ही त्याला देव होण्याच्या नादातून बाहेर काढलंत तर, तुमच्या पात्राला लग्नाची मागणी घालतो. माझ्या पुरुष पात्राला त्यानं ती घातली ते नेमके ऑक्टोबरचे दिवस होते. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की विवाह हा मूलभूत हक्क नाही, आणि विशेष विवाह कायद्यात आम्हाला बसवणं हे संसदेचं काम, न्यायालयाचं नव्हे. आम्ही दोघांनी ऑफिसातून चोरून थेट प्रक्षेपण ऐकलं होतं. रात्री गेलच्या प्रश्नाखाली हो आणि नाही असे दोन्ही पर्याय पडद्यावर होते. माझ्या जोडीदारानं मागून बघून विचारलं, “विचार कसला करतोयस?” मी ‘हो’वर क्लिक केलं. या देशात आम्हाला लग्नाला कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही, असंही कायद्याच्या भाषेत म्हणता येईल. फक्त फॉर्मवर तो पर्याय नाही.

तरीही सगळी दारं उघडी असण्यात मला डोरियनची उणीव भासते. सगळेच सगळ्यांचे असले की त्यांतलं कुणीच खास माझ्यासारखं उरत नाही. डोरियनचं बायांना ‘नाही’ हे माझ्यासाठी ‘हो’ होतं, आणि ते मी गेम सुरू करण्याआधीपासून त्याच्यात होतं. माझ्या पात्राचं लिंग बघून ते त्याला सुचलं नव्हतं. मी बाई पात्र घेऊन खेळलो तरी तो तसाच असतो, त्याच खानावळीत, त्याच वडिलांसमोर.

‘इन्क्विझिशन’मध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पुष्कळांच्या नजरेतून निसटते. तुम्ही डोरियनशी रोमान्स केला नाही, आयर्न बुलशीही केला नाही, आणि दोघांना सतत बरोबर घेऊन हिंडत राहिलात, तर चालता चालता त्यांच्यात शेरेबाजी सुरू होते. आधी भांडणं, मग टोमणे, मग टोमण्यांचा सूर बदलतो. एक दिवस तुमच्या लक्षात येतं की हे दोघं एकत्र आहेत. यात तुमच्या करण्यासारखं काहीच नसतं. ना पर्याय, ना मर्जीचा आकडा. तुम्ही पुढे चालत असता आणि ते मागून येत असतात.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गेम थांबवला नाही. उलट मुद्दाम लांबच्या वाटेनं गेलो, म्हणजे ते आणखी थोडा वेळ बोलतील. नवा गेम हातात आला की हल्ली मी हेच आधी बघतो: या लोकांना माझ्याशिवाय दुसरं कुणी आवडू शकतं का, आणि मी विचारल्यावर ते आपल्या तोंडानं नाही म्हणू शकतात का. दोन्हीची उत्तरं ‘हो’ असतील तर त्यांतलं कुणी मला मिळालं नाही तरी चालतं.